मुळं छाटलेली अळंबी

मी अळंबी बोलतेय. नाक मुरडू नका, कुत्र्याच्या छत्र्यांतली मी नव्हे. माझं माहेर वारुळात. देहूरोडच्या पुढं डोंगराच्या अंगाला थोडं रान उरलंय, तिथं वाळवीनं मला जमिनीच्या पोटात सांभाळलं. श्रावणात आभाळ गडगडलं की आम्ही बहिणी टोकदार डोकी वर काढतो. मूळ मात्र खोल, थेट वारुळापर्यंत.

आम्हाला शोधणाऱ्या बायका भारी संशयी. ठिकाण पोटच्या लेकीलाही सांगायच्या नाहीत.

सुमनताई त्यातलीच. मावळातली जुनी बाई, आता पिंपळे गुरवला लेकाकडं राहते. सून प्राजक्ता चाकणच्या कंपनीत कामाला, पहिलटकरीण. तिला डोहाळे लागले मटणाचे, अन् घरात श्रावण पाळलेला! "मटण झक मारंल आसं खाऊ घालते तुला," म्हणत सुमनताई सकाळीच निघाली.

जिन्यात शेजारच्या विजयश्रीनं हटकलं. "काकू, दुरडी घेऊन कुठं?"

"देवाला फुलं आणाया."

"एवढी मोठी दुरडी? देव किती हायेत म्हणायचे घरात?"

सुमनताई हसत झपाझप जिना उतरली. बसमध्ये बसल्यावरही वळून वळून बघत होती, ही बया मागं आली की काय!

माझ्यापाशी आली अन् तिनं आम्हाला विळ्यानं जमिनीलगत छाटलं. का? तर मुळाला वारुळाची तांबडी माती येते, अन् ती माती बघून जाणती बाई ठिकाण ताडते. तेवढ्यात झाडीत कुणीतरी खोकललं. सुमनताई दचकली. हाताला लागेल ते कापत सुटली. त्यातच झाडाखालची एक परकी आली. आमच्यातली नव्हतीच ती. तिचं बूड पांढऱ्या वाटीत बसलेलं, विषारी जातीची खूणच ती. वाटी राहिली मातीत, अन् ती येऊन पडली माझ्या अंगाला अंग लावून. मी ओरडावं तरी कसं?

घरी येऊन तिनं ओट्यावर दुरडी उपडी केली. प्राजक्तानं एक उचलली, फिरवून बघितली. "आई, हिच्या डोक्याला टोक नाही."

"बसमंदी दबून मोडलं आसंल. लई संशयी बाई तू."

खरंच, बसच्या गर्दीत आमच्यातल्याही कितीजणींची टोकं मोडली होती. दार उघडं बघून विजयश्री आत आली. "हीच का देवाची फुलं?" म्हणाली. "अन् एवढी शंका येती तर लसूण टाका की. काळा पडला तर विषारी. आमच्याकडं तसंच बघतेत."

पातेल्यात चार तुकडे उकळून लसूण टाकला, तो पांढराच राहिला. लसणाला काय डोंबल कळतंय? पण विजयश्री खूश. "आता मला पण वाटीभर द्या." सुमनताईनं कढई चढवली.

"आई," प्राजक्तानं हात पोटावर ठेवला, "अळंबीचं मूळ लांब असतं म्हणता ना तुम्ही? मग मुळं कुठंयत?"

सुमनताईनं आम्हाला एकेक करून उलटं केलं. सगळ्यांची बुडं सारखीच छाटलेली. तिचा हात थांबला.

"मीच छाटली," ती म्हणाली. "ठिकाण कळू नये म्हणून."

"कुणाला?" विजयश्रीनं विचारलं.

"तुला."

"अगं बाई! मी काय चोर हाय?" विजयश्री फणकारली. "ती एक शंकेची फेका अन् बाकीच्या शिजवा मग."

"एकच हाय कशावरनं? मलाच आता सांगता येत न्हाई. अन् पोटुशीच्या ताटात वाढू व्हय?"

तिनं गॅस बंद केला. ओट्यावरचं, पातेल्यातलं सगळं ओल्या कचऱ्याच्या डब्यात गेलं. ओटा पुसला, हात साबणानं चोळून धुतले. मग दोघींकडं न बघताच म्हणाली, "उद्या दोघी चला माझ्यासंगं. विळा घेत न्हाई. हातानं उकरून मूळ दाखवते, मग खायाचं का न्हाई ते ठरवा. पण विजयश्री, तुझ्या जावेला सांगशील तर बघ!"

"जाऊ? तिला तर मी चहाचं दुकानसुद्धा सांगत न्हाई," विजयश्री म्हणाली, अन् प्राजक्ताला हसू आवरेना.

आता मी डब्यात आहे. वर चहाचा चोथा. मी अस्सल अळंबी, अन् कुणी चाखलीसुद्धा नाही! वाईट वाटतंच. पण ती वाटीवाली विषारी माझ्या शेजारीच पडलीय, माझ्यासारखीच गोरीगोमटी, अन् ताटाऐवजी डब्यात पडलीय. कचऱ्याची गाडी येईपर्यंत तुम्हाला एवढंच मागते. घरातली पोर म्हणाली, मूळ दाखवा, तर तिला गप्प करू नका. अन् दाखवता आलं नाही, तर मला खुशाल फेका.