दोन बोटं साय

“काळूराम, दुधात पाणी घातलंस तू.”

काळूराम मागच्या पायरीवर बसून दुधाची रिकामी कासंडी विसळत होता. त्याचा हात थांबला. आधी त्याला वाटलं, भागोजीदादा थट्टा करतोय. पण वर पाहिलं तर भागोजी स्वयंपाकघराच्या दारात उभा, पोटाशी काचेचं मोठं भांडं धरलेलं.

“बघ, डोळ्यांनी बघ. साय कमी पडली, वर दोन बोटं जागा मोकळी राह्यली. वीस वर्सांत असं झालं न्हाय.”

“दादा, तीच म्हस, त्योच शेर. म्हशीच्या शिंगाला हात लावून सांगतो.”

“म्हस बोलत न्हाय म्हणून तिची शपथ घेतोस व्हय?”

विहिरीवर पाणी शेंदणारा माळी खो खो हसला. काळूराम हसला नाही. त्याने कासंडी उचलली, मुंडासं सारखं केलं. “पोरीच्या लग्नात पयला मान तुला दिला, दादा. आज चोर झालो,” एवढंच म्हणाला आणि माडांमधून चालता झाला.

भागोजी भांडं घेऊन आत आला. घड्याळात दहा वाजले होते. दीड वाजता जेवणाचं टेबल लागायचं होतं.

मुरुडच्या किनाऱ्यावर, सुरूच्या झाडांच्या आत, पिरोजबाईंचा बंगला होता. वर्षाचे अकरा महिने त्याला कुलूप, आणि चावी भागोजीकडे. मे महिन्याच्या सुट्टीत ही पारशी मंडळी मुंबईहून हवापालटाला यायची आणि बंगला माणसांनी भरून जायचा. भागोजी तिथला खानसामा. जन्माने कोळी, पण होडीत चढला की आतडी बाहेर येतील अशा ओकाऱ्या व्हायच्या. समुद्र लागणारा कोळी! कोळीवाडा हसून हसून लोळला. बापाने शेवटी हात टेकले आणि पोराला बंगल्याच्या चुलीपाशी आणून सोडलं. तिथे मात्र त्याचा हात बसला.

सुट्टीच्या पहिल्या रविवारी जेवणाअखेर एक गोड पदार्थ ठरलेला. पारशी मंडळी त्याचं काही साहेबी नाव घेत. भागोजीच्या घरात त्याला नुसतं ‘थर’ म्हणत. काचेच्या भांड्यात तळाला बेकरीतल्या स्पंज केकचे काप, त्यावर आमरस. तो मुरला की अंड्याचं कस्टर्ड, मग वेलची केळी, अननसाच्या चकत्या, पुन्हा केक, पुन्हा हापूसच्या फोडी. आणि सगळ्यांच्या वर घुसळलेली साय, अगदी काठोकाठ. बर्फात ठेवून गार केलेलं ते भांडं टेबलावर आलं की पिरोजबाई दर वर्षी म्हणायच्या, “अशी साय आमच्या मुंबईत नाय मिळत, भागोजी.” भागोजी मान खाली घालून हसायचा. हसणाऱ्या कोळीवाड्याला त्याचं हे उत्तर होतं.

आता या खानसाम्याची एक गंमत होती. आपल्या हातचं त्याने वीस वर्षांत कधी चाखलं नव्हतं. वीस वर्षांमागे रामनवमीला देवळात कीर्तन झालं, तेव्हा भागोजी बुवांच्या मागे टाळ घेऊन उभा होता. काय झालं देव जाणे. आख्यान संपायच्या आत त्याच्या डोळ्यांना धार लागली आणि आरती झाल्यावर त्याने बुवांच्या हातून तुळशीची माळ घालून घेतली. मासळी सुटली, अंडं सुटलं. नोकरी कशी सुटणार? त्याने बुवांनाच विचारलं. बुवा म्हणाले, “हात पोटाचा आहे रे, त्याला काम करू दे. जीभ तेवढी देवाची ठेव.” भागोजीने ती अशी ठेवली की बंगल्याच्या माठातलं पाणीही कधी तोंडाला लावलं नाही.

मग चव कोण बघणार? त्याची बायको, सोनूबाई.

बंगल्यातला चमचा उष्टा व्हायला नको म्हणून ती येताना कनवटीला तिसऱ्यांच्या शिंपल्या घेऊन यायची. पदार्थ झाला की खिडकीपाशी उभी राहायची, शिंपलीत थेंबभर घ्यायची, जिभेला लावायची आणि एकच हुंकार द्यायची. ‘हूं’ आखूड आला की बरोबर. लांबला की समजावं, काहीतरी राहिलंय. मग शिंपली खिडकीबाहेर. वीस वर्षांत खिडकीखाली शिंपल्यांचा एवढा ढीग झाला होता की नव्या माणसाला वाटावं, ओहोटीच्या वेळी समुद्र इथवर येऊन गेला. साय घुसळायचं कामही तिचंच. भागोजी मासळीच्या कालवणात आणि तळणात गुंतलेला असायचा. ती मागच्या पडवीत बसून रवीने साय घुसळायची आणि भरलेलं पातेलं त्याच्यापुढे आणून ठेवायची.

माघात ती गेली. तीन दिवसांचा ताप, बस्स. तेराव्याच्या सुमारास पिरोजबाईंचं पत्र आलं, ते शाळेतल्या मास्तरांनी वाचून दाखवलं. ‘भागोजी, फार वाईट झालं. तुझंही वय झालं. मे महिन्यात आम्ही येऊ तेव्हा तुला एकट्याला झेपतं का ते बघू. नाही झेपलं तर पुढल्या वर्षी मुंबईहून खानसामा आणू.’

पत्रात राग नव्हता, मायाच होती. पण भागोजीने ते मास्तरांकडून पुन्हा एकदा वाचून घेतलं. मे महिन्यात कोळीवाड्यातल्या घरी सोनूबाई झोपण्यापुरती असायची. तिचा खरा वावर इथे, या चुलीच्या उजव्या हाताला, खिडकीपाशी. इथे दुसरा माणूस उभा राहिला तर ती कुठे जाणार?

म्हणून आज, सुट्टीच्या पहिल्या रविवारी, पहाटेपासून तो राबत होता. जिथे तिचा हुंकार यायचा तिथे थांबत होता, मनानेच तो आखूड आहे असं समजत होता आणि पुढे जात होता. साय त्याने स्वतः घुसळली. आणि ती दोन बोटं कमी पडली.

अकराच्या सुमारास माडांमधून काळूरामाची बायको जनी आली. हातात केळीच्या पानाने झाकलेलं मातीचं पसरट सट. चालण्यातच भांडण होतं.

“भावजी, माज्या घरधन्याला चोर म्हणालात? माळ्याच्या देखत?”

“दुधात पाणी नसंल तर माजी साय कुठं गेली, जने?”

“कुठं गेली? माघात गेली. सोनूवैनीबरोबर.”

जनीने सट ओट्यावर ठेवलं आणि पान बाजूला सारलं. आत लोण्यासारखा पांढरा, दाट गोळा होता.

“आडसर, अर्धवट पिकल्या नारळाचं खोबरं. माज्या पाट्यावर वाटलंय. दर वर्साला वैनी पहाटेची आमच्याकडं यायची. दोन नारळ फोडायचे, हात लागंल तसं मऊ वाटायचं, फडक्यातनं गाळायचं. सट पदराखाली धरून हितं पडवीत यायची नि सायीत मिसळायची. तवा कुठं तुमचं भांडं भरायचं! आमच्या म्हशीची नुसती साय कवा पुरली व्हती?”

खिडकीतून खारा वारा आत येत होता. भागोजीने ओट्याची कड धरली.

“मला का न्हाय सांगितलं?”

“मी इचारलं की. पयल्या वर्साला साय कमी पडली तवा तुम्ही म्हणं हितं कपाळाला हात लावून बसला व्हतात. ती तशीच पळत आमच्याकडं आली. मी म्हटलं, वैनी, त्यास्नी सांग. तर म्हणली, ‘नगं बाय. होडीवरनं हसून हाकललेला माणूस हाय त्यो. आपल्या हाताला यश हाय असं वाटतंय त्याला. वाटू दे.’”

जनीचा आवाज एवढ्यात उतरला होता. ती पदराने सट पुसू लागली, पुसायला काही नसताना.

कीर्तनात बुवांचा आवाज वर चढतो आणि सभामंडप डोलू लागतो. हार बुवांच्या गळ्यात, नारळ बुवांच्या हातात. पण मागे उभा राहून कुणीतरी सूर धरलेला असतो. बुवा श्वास घ्यायला थांबतात तेव्हा तो गात राहतो, म्हणून तर अभंग तुटत नाही. भागोजी जन्मभर तिथेच, बुवांच्या मागे उभा राहिला होता. सूर धरणाऱ्याला कुणी पाहत नाही हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? आणि त्याच्याच घरात, त्याच्याच पाठीमागे वीस वर्षं कुणी उभं होतं, तर त्याने मान वळवून पाहिलं नाही.

“किती घालायची, जने?” त्याने विचारलं.

“त्ये मला काय ठाव? ती जिभंवर घ्यायची नि घालायची.”

ती निघाली तशी भागोजी म्हणाला, “काळूरामाला म्हणावं... न्हाय. काय म्हणू नको. सांजच्याला मीच येतो, त्याच्या पाया पडाया.”

“पाया नका पडू. च्या प्या नि जावा,” जनी म्हणाली. “आनि ह्ये घाला बिगीनं. घंटा वाजंल त्यांची.”

ती गेल्यावर भागोजीने पातेल्याच्या कडांना राहिलेली थोडी साय वाटीत खरवडून घेतली. तिच्यात चमचाभर खोबरं घातलं आणि ढवळलं. थांबला. आणखी अर्धा चमचा. पुन्हा थांबला. खिडकीच्या चौकटीवर माघाच्या आधीची एक शिंपली पडून होती. ती त्याने उचलली, सायीत बुडवली. यात अंडं नव्हतं. दूध आणि नारळ, देवालाही चालणारी वस्तू. विठोबा काही रागावला नसता. शिंपली ओठांशी गेली.

आणि तिथेच राहिली. चाखून करणार काय? चव कशी असायची ते त्याला ठाऊकच नव्हतं. जुळवून बघायला आठवण लागते, ती तिच्या जिभेवर होती. त्याने कान दिले. समुद्र होता, माळ्याचा रहाट होता. हुंकार नव्हता.

अंदाजाने घालता आलं असतं. भांडं काठोकाठ भरलं असतं, पिरोजबाई ‘अशी साय’ म्हणाल्या असत्या, चूल राहिली असती. त्याचा हात सटाकडे गेलाही. पण आजवरची गोष्ट वेगळी होती. आजवर त्याला माहीत नव्हतं. आता माहीत असून तिच्या नावाची शाबासकी घ्यायची, म्हणजे देवळातल्या दिव्यातलं तेल चोरून आपल्या घरात दिवा लावायचा.

त्याने सट पुन्हा पानाने झाकलं.

दीडला टेबल लागलं आणि जेवण संपत आलं तसं त्याने धुतलेलं पांढरं फडकं खांद्यावर टाकलं आणि भांडं दोन्ही हातांनी धरून बाहेर नेलं. पिवळा, केशरी, पांढरा, सगळे थर काचेतून दिसत होते. वर दोन बोटं नुसती काच.

“भागोजी, आ सूं, हे काय?” पिरोजबाई म्हणाल्या. “यंदा वरती रिकामा कसा?”

“तेवढंच हाय, बायसाब.”

त्यांनी चमचाभर तोंडात घातलं. पिरोजबाईंनी दुसरा चमचा घेतला, सावकाश. मग चमचा खाली ठेवला.

“चांगला आहे. पण तो नाय.”

“त्यो न्हायच, बायसाब. त्यो सोनूच्या हातचा व्हता. सायीत नारळ ती घालायची, मला पत्ता न्हाय लागू दिला. ह्यो माजा.”

कुणीतरी हलकेच हसलं. पिरोजबाईंनी तिकडे असं पाहिलं की ते हसू तिथेच विरलं.

“दर साल तुला मी कोट दिला, भागोजी,” त्या म्हणाल्या. “आणि तिला? बिस्किटचा रिकामा डबा.”

“त्या डब्यांत ती तांदूळ भरायची, बायसाब. अजून हायत.”

पिरोजबाईंनी चष्मा काढून पुसला. “पुढच्या साली खानसामा येईल,” त्या अगदी हळू म्हणाल्या. “तू नुसता घर सांभाळ. चावी तुझ्याकडेच.”

“व्हय, बायसाब.”

तो आत आला. पातेली घासली, चूल सारवली, ओटा तीनदा पुसला. मग कालच्या जेवणातल्या तिसऱ्यांची एक धुतलेली शिंपली घेतली. तिच्यात आपली थोडी साय घातली, सटातलं थोडं खोबरं घातलं आणि करंगळीने हलकेच एकत्र केलं. चुलीच्या उजव्या हाताला, खिडकीपाशी, एका बाईच्या तोंडाच्या उंचीवर त्याने ती शिंपली धरली.

धरून उभा राहिला. हात भरून आला तरी उभा राहिला.

मग त्याने हात खिडकीबाहेर नेला आणि शिंपली सोडली. खाली ढिगावर ती पडली तेव्हा अगदी आखूडसा आवाज झाला.