पितांबरच्या जीपचा टर्बो

टर्बोचा नाद पितांबरला लागला तो एका बैलजोडीमुळे.

एक्क्याण्णव सालच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तो बहिणीला आणायला गेला होता. धाकटी बहीण ताईबाई, साक्रीच्या पलीकडे डोंगरातल्या टेंभेपाड्यात दिलेली. आखाजीला लेकीने माहेरी यायचं, आणि भाऊ घ्यायला आल्याशिवाय उंबरठा ओलांडायचा नाही, ही आपल्या खान्देशातली रीत. पितांबर तोपर्यंत दरवर्षी एस्टीने जायचा, फाट्यावर उतरायचा आणि चढण पायी चढायचा. त्या वर्षी मात्र दारात नवी घेतलेली जुनी डिझेल जीप होती, आणि एरंडोलजवळच्या त्याच्या गावात दुसरी जीप नव्हती. मग पायी कोण जातो?

जीप अर्ध्या चढणीवर गेली आणि इंजिनाने मान टाकली. पुन्हा मारली, पुन्हा तेच. शेवटी ताईबाईचे सासरे स्वतःची बैलजोडी घेऊन खाली आले आणि दोर लावून त्यांनी ती जीप दारापर्यंत ओढून नेली. पाड्यातल्या बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. सासऱ्यांनी वाईट हेतूने काहीच म्हटलं नाही. बैलांना पेंड चारताना ते एवढंच म्हणाले, की पुढच्या वर्षी निरोप पाठवा, जोडी खालीच उभी ठेवू.

पितांबरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चारचौघांसमोर तो बोलून बसला, की आता येईन तर गाडी स्वतःच्या दमावर दारात आणीन, नाहीतर येणारच नाही. माणूस रागात काहीही बोलतो, दोन दिवसांनी विसरतो. पितांबर विसरणाऱ्यांतला नव्हता, आणि हीच त्याची खोड होती.

धुळ्याला आग्रा रोडवर भिकन मिस्तरीचं गॅरेज होतं. भिकनने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, इंजिनाला टर्बो बसवू. टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो, हवा वाढली की डिझेलही जास्त जळतं आणि गाडीला ताकद येते. मोठ्या ट्रकचा टर्बो एवढ्याशा इंजिनाला चालायचा नाही, लहान शोधावा लागेल. पितांबरने वहीत चित्र काढून घेतलं आणि त्या रात्री बायकोला, लताबाईला, जेवणाच्या ताटावर बोटाने टर्बो समजावून सांगितला. ती म्हणाली, भाजी गार होतेय.

लहान टर्बो शोधण्यातच पहिलं वर्ष गेलं. धरणाच्या कामावरून निघालेल्या एका विलायती जनरेटरचा टर्बो भंगारात मिळाला, पण त्याचा दांडा आतच जाम झालेला. तो सुटेपर्यंत आखाजी येऊन गेली. लताबाई म्हणाली, तुम्ही नसाल जात तर चुलतभावाला पाठवा, ताईला घेऊन येईल. पितांबरने साफ नाही म्हटलं. बोललो मी, तर जाणार मी. पुढच्या वर्षी दारात गाडी उभी करतो, मग बघा.

पुढच्या वर्षी लेथवाल्याने टर्बो बसवायची पट्टी केली, तिची भोकं चुकली. ती पुन्हा केली तर भिकन म्हणाला, आता रेडिएटर मोठा लागेल, नाहीतर इंजिन तापून बसेल. रेडिएटर आला. मग डिझेलपंपाचं सेटिंग. एकेक काम मार्गी लागलं, की त्यातून दुसरं निघायचं, आणि पितांबर धुळ्याहून हात हलवत परत यायचा.

खरी अडचण वेगळीच होती. भिकन पहिल्या दिवसापासून एकच गोष्ट सांगत होता.

"पितांबरभाऊ, गाडी आठ दिन आठे ऱ्हाऊ द्या, मंग मना काम देखा."

आठ दिवस गॅरेजात! जीप आठ तास रिकामी राहत नव्हती. रोज सकाळी पितांबर तिच्यातून एरंडोलला दूध पोचवायचा, येताना कोणाचं खत, कोणाची बाळंतीण, कोणाचा मोडका पंप. कुणी वारलं की भावकी दारावर, म्हणजे भेटून सांत्वन करायला, जाणार ती जीपमधूनच. नाही म्हणायची सोय नव्हती. भावकीत गाडी असणं म्हणजे ती सगळ्यांची असणं, फक्त डिझेल आणि डोकेदुखी तेवढी मालकाची.

आणि आखाजी जवळ आली, की तर विचारूच नका. त्याचा चुलता तोताराम आबा पंधरा दिवस आधीच ओट्यावर येऊन बसायचा. त्याच्या तीन लेकी तीन दिशांना दिलेल्या.

"दारमा जीप शे, मंग एस्टीनी वाट कसाले देखानी?" तो म्हणायचा.

मग पितांबर मुक्ताईनगरला जायचा, पारोळ्याला जायचा, चोपड्याला जायचा. तोताराम आबाच्या लेकी, शेजारच्या लेकी, ज्यांची नावंही त्याला धड आठवत नव्हती अशा लेकी तो माहेरी आणून सोडायचा. सगळ्या गावाच्या झाडांना झोके लागायचे, पोरी गाणी म्हणायच्या, घरोघर खापरावर मांडे पडायचे आणि आमरस निघायचा. पितांबरच्या घरी लताबाई मांडे करायची आणि एक वाटी उगाच जास्त मांडायची. ते बघून तो चिडायचा, तिच्यावर चिडायचा, भिकनवर चिडायचा, तोताराम आबावर तर फारच. स्वतःवर चिडायचं मात्र त्याला सुचलं नाही. अशा तीन आखाज्या गेल्या.

चौथ्या वर्षी त्याने मनाचा हिय्या केला. आखाजीला वीस दिवस असताना जीप भिकनकडे नेऊन टाकली आणि गावात येऊन सांगितलं, की गिअरबॉक्स फुटला. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती, त्यामुळे कुणाचा विश्वास बसला नाही. तोताराम आबाने बोलणं टाकलं. दूध सायकलवर गेलं आणि दोनदा नासलं. पितांबर रोज एस्टीने धुळ्याला जाऊन भिकनच्या डोक्यावर बसू लागला. तेलाची नळी गळत होती, ती बदलली. वीज जायची, तेव्हा वेल्डिंग थांबायचं आणि दोघं एकमेकांकडे न बघता चहा पीत बसायचे. आठ दिवसांचे सतरा झाले. अठराव्या दिवशी, आखाजी दोन दिवसांवर आली असताना, भिकनने बॉनेट खाली टाकलं आणि म्हणाला, घ्या, आता डोंगरावर न्या नाहीतर आभाळात.

पितांबर घरी गेलाच नाही. धुळ्याहून तसाच साक्रीच्या रस्त्याला लागला. गाडी खरोखरच बदलली होती. पाय दाबला की इंजिनातून बारीक शीळ यायची आणि जीप पुढे झेप घ्यायची. कितीतरी दिवसांनी तो एकटाच हसला.

टेंभेपाड्याच्या चढणीला त्याने दुसरा गिअर टाकला. मागे काळा धूर, पुढे धूळ, आणि जीप एकदाही न अडखळता वर आली ती थेट ताईबाईच्या दारात. पोरंसोरं जमली. सासरे बाहेर आले, त्यांनी जीपभोवती एक फेरी मारली आणि मनापासून म्हणाले, की पाहुणे, मानलं तुम्हाला. पितांबरला वाटलं, सगळं वसूल झालं.

ताईबाई हात पुसत दारात आली. केस कानाशी पांढरे झालेले. भावाला पाहून ती आधी हसली, मग तिचे डोळे भरले.

"चल, ताई, गाठोडं घे," पितांबर म्हणाला. "दारात गाडी आणली."

ती जागची हलली नाही.

"मी कशी येऊ, भाऊ? मनी आंडेरनी पहिली आखाजी शे. तिना भाऊ सकाळेच गया तिले लेवाले. ती उनी का दारमा मी नको का?"

फाल्गुनात ताईबाईच्या आंडेरचं, म्हणजे लेकीचं, पितांबरच्या भाचीचं लग्न झालं होतं. नवरदेवाच्या गावी, सपाट रस्त्यावर. मामा म्हणून पितांबर स्वतः जीप घेऊन गेला होता, अक्षता टाकल्या होत्या, आहेर केला होता. पण लेक सासरी गेली, की तिच्या आईचं आखाजीला माहेरी येणं संपलं, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. तेव्हा त्याच्या डोक्यात टर्बो होता.

तो म्हणाला, नंतर ये, चार दिवसांनी ये, मी पुन्हा येतो. ताईबाई नुसती मान हलवत राहिली. लेक आठवडाभर राहणार, मग जावई येणार, मग पेरणीआधीची कामं. तिने त्याला पाणी दिलं आणि हळू आवाजात, सासऱ्यांना ऐकू जाणार नाही असं, म्हणाली:

"तीन साल मी गाठोडं बांधीसन बसनू, भाऊ. तू पायी उना असता तरी चालतं."

पितांबरने पाण्याचा पेला तसाच खाली ठेवला. ताईबाईने लताबाईसाठी पापडाचा डबा दिला, तो त्याने शेजारच्या रिकाम्या सीटवर ठेवला.

जीप उतरणीला लागली. निम्म्या चढणीवर समोरून भाची आणि तिचा भाऊ येताना दिसले. एस्टीतून फाट्यावर उतरून पायी निघालेले. भाच्याच्या खांद्यावर बहिणीची पत्र्याची पेटी, तिच्या हातात चपला, दोघं कशावर तरी भांडत हसत होती. पितांबरने गाडी थांबवली आणि म्हणाला, बसा, वळवतो, वर सोडतो. भाची वाकून पाया पडली.

"ऱ्हाऊ द्या मामा," ती म्हणाली. "उनंच आते घर."

घर आलंच म्हणत दोघं पुढे निघाली. भावाला दम लागला होता, तो मधेच थांबून पेटी दुसऱ्या खांद्यावर घेत होता आणि पुन्हा चालू लागत होता. पितांबर आरशात बघत राहिला. एवढंच करायचं होतं त्याला, दरवर्षी, आणि ते त्याला येतही होतं.