संसाराचा गंज

आमच्या गावात वस्तू दोनच तऱ्हेच्या. एक देवाची, दुसरी संसाराची. समई देवाची, कंदील संसाराचा. देवाच्या वस्तूला आम्ही हात लावायचा नाही, हे कुणी सांगावं लागत नसे. संसाराची वस्तू मात्र म्हणे सगळ्यांची. हे 'म्हणे' मी मुद्दाम लिहिते आहे, कारण राग अजून गेलेला नाही.

घरोघरचं जुनं पितळ वितळवून गावजेवणापुरता मोठा गंज, म्हणजे पातेलं, करून घ्यायचं ठरलं, तेव्हा दुलीचंद पटेल स्वतः आमच्या बौद्धांच्या वस्तीत आले. अंगणाच्या कडेला उभे राहून म्हणाले, "देवाचं काम नाही बाप्पा हे. संसाराचा गंज हाय. ज्याच्या घरी लग्न, त्यानं न्यावा." माझ्या आईनं, रुख्माबाईनं, माहेरचा पाणी भरायचा पितळी गुंड काढून दिला. तिच्या आईची तेवढीच वस्तू तिच्याजवळ होती. देताना तिनं तो चिंचेनं घासून लख्ख केला, जसा काही पाहुणाच पाठवायचा होता.

पुढं माझ्या धाकट्या बहिणीचं, सरिताचं लग्न ठरलं. वऱ्हाड तिरोडीचं, खाणीत काम करणारी माणसं. आई गंज मागायला गेली, तर गंज देवळाच्या खोलीत कुलपात.

"देवळात ठेवला म्हनजे देवाचा झाला," पटेल म्हणाले. "तुमी तं देव सोडले ना, बाई?"

"अन् माहा गुंड?"

"तो आता कुठून काढू?" असं म्हणून ते हसले. तो माणूस हसला!

मग दहा घरच्या भांड्यांत भात शिजवला. एका भांड्यातला कच्चा, दुसऱ्यातला करपलेला. नवऱ्या मुलाच्या काकानं पत्रावळ दूर सरकवली. पांढऱ्या लुगड्यात बसलेल्या सरितानं सगळं पाहिलं आणि मान खाली घातली ती वर केलीच नाही. मला वाटलं, जाऊन त्या खोलीचं दारच फोडावं.

थोड्याच दिवसांत पटेलांच्या मुलाचं लग्न झालं. दुसऱ्या दिवशी व्याह्यांना मटनाचं जेवण. वास आमच्या वस्तीपर्यंत आला. आई उठली, पदर खोचला आणि चालू लागली. मी मागून धावले.

मांडवाच्या बाहेर चुलवणावर तोच गंज रटरटत होता. आईनं चपला काढल्या, गंजासमोर हात जोडले आणि मोठ्यानं म्हणाली, "पटेल, तुमच्या देवात मटन शिजून राह्यलं का?"

पंगत थांबली. व्याही म्हातारे गृहस्थ. त्यांनी हातातला घास तसाच खाली ठेवला. "देवाचं भांडं? देवाच्या भांड्यात मटन?" ते उठायला लागले.

पटेलांचा चेहरा पडला. "बसा, व्याहीबुवा, बसा! देवाचा नाही हो तो. संसाराचा हाय, साऱ्या गावाचा!"

"मले आयकू नाही आलं," आई म्हणाली.

"संसाराचा!" पटेल ओरडले. "साऱ्या गावाचा!"

"हौ? मंग उद्या आमच्याकडे पाठवा. पोरीचं लग्न तं झालं, पन संसार आमाले बी हाय."

एवढ्या पाहुण्यांदेखत नाही म्हणायची सोय नव्हती. गंज दुसऱ्या दिवशी आला. आईनं तो चिंचेनं घासला, आत बाहेर, हात दुखेपर्यंत. यातलं पितळ कुठलं कुणाचं हे काही कळत नव्हतं, तरी ती घासत राहिली.

देवळात परत तो कधी गेला नाही. गावातली माणसं लग्नाकार्याला आमच्या अंगणात येतात. गंज नेतात, घरी निखाऱ्यावर शेकून शुद्ध करतात, हेही मला ठाऊक आहे. पण त्याआधी आई प्रत्येकाला दारात उभं करून विचारते, "कायच्यासाठी पाह्यजे? देवासाठी का संसारासाठी?"

'संसारासाठी' असं तोंडानं म्हटल्याशिवाय ती गंजाला हात लावू देत नाही. परवा पटेलांनाही म्हणावं लागलं.