कुसाबाईंचा उजवा हात

"आजी, एकच दाणा. अंगठा आणि पहिलं बोट, बास," वेदिका स्क्रीनजवळ वाकून म्हणाली.

तिकडे पेठ गावाजवळच्या पाड्यावर, ओटीवर बसलेल्या कुसाबाईंनी वाटीतल्या वालांकडे असं पाहिलं, जणू कुणी परक्याच्या शेतातलं तण काढायला सांगितलंय. लकव्यानंतर त्यांचा उजवा हात मांडीवर पडला तो पडलाच. सहा बुधवार वेदिका नाशिकच्या दवाखान्यातून व्हिडिओवर त्यांच्याकडून हाताचे व्यायाम करून घेत होती आणि दाणा काही हलायचं नाव घेत नव्हता. आजचा बुधवार शेवटचा. सुधारणा नसेल तर नाव कमी करून जागा दुसऱ्या पेशंटला द्यायची, असा नियम होता.

"या वाटीतनं त्या वाटीत कशापायी टाकायचं?" कुसाबाईंनी विचारलं. "शेवटी शिजवायचंच हाय ना ते?"

"व्यायाम आहे, आजी."

"बरं."

हात हलला नाही.

"मॅडम, झालं का?" मोबाईल धरून बसलेली सून सविता म्हणाली. "उद्या भाताची आवणी हाय. लावायची रोपं उपटून ठेवलीत, जुड्या बांधायच्या राह्यल्यात."

वेदिकाने मान हलवली. सविता मोबाईल खांबाला टेकवून उठली आणि कॉल बंद न करताच आत गेली. वेदिकाने रिपोर्ट उघडला. 'सुधारणा नाही' असं लिहिलं आणि कॉल बंद करायला वर पाहिलं.

कुसाबाईंनी रोपांचा ढीग जवळ ओढला होता. डाव्या हाताने मूठभर रोपं उचलून त्यांनी मुळांची माती झाडली. मग उजवा हात उठला. सहा आठवडे ज्याची मनधरणी केली, तो हात कुणी न सांगता उठला. थरथरत त्याने अंगठ्याच्या आणि बोटाच्या चिमटीत गवताची एक काडी धरली, जुडीभोवती वळवली, टोक खोचलं. जुडी सुटली. पुन्हा सुटली. तिसऱ्यांदा बसली.

वेदिकाने कॉल बंद केला नाही. इतकी वर्षं शिकून, इतके हात हाताळून असं काही तिने पाहिलं नव्हतं. न राहवून ती बोलून गेली, "आजी..."

हात जागीच थिजला आणि मांडीवर पडला.

"तू हायेस व्हय अजून?" म्हणत कुसाबाईंनी डाव्या हाताने वालांची वाटी पुढे घेतली.

वेदिकाला स्वतःचीच लाज वाटली. तिने रिपोर्टातली ओळ पुसली.

"ती वाटी राहू द्या, आजी. घरात अजून काय काय काम राहिलंय?"

कुसाबाईंनी पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं.

"लय हाय. बसायला सवड हाय का तुला?"

"आहे," वेदिका म्हणाली. "पुढच्या बुधवारीही आहे."