पाच वाजता लावलेला अडसर

मी अडसर बोलतोय. हो, दाराला आतून आडवा लावतात तोच लाकडी दांडा. माझ्या अवताराला हसू नका. मधोमध फुटलोय, अंगावर रक्ताचा डाग आहे आणि कोर्टाची चिठ्ठी बांधून मला एका कपाटात कोंबलंय.

जन्मच माझा कुऱ्हाडीखाली झाला. पडलेल्या पुलाची तुळई सुताराने फोडली, रंधा मारमारून मला काढलं आणि शाळेच्या मोठ्या खोलीला बसवलं. पुढे बाहेरून कुलूप आलं आणि मी कोपऱ्यात गेलो. पोरांनी माझी बॅट केली. एकाने तर माझ्या फटक्याने दुसऱ्याचा दात पाडला. शिपाईमामा ओरडायचे, "अरे, ठेवा तो! बापाचा माल आहे का?"

एक दिवस मुख्याध्यापक बाईंनी पेपर मोठ्याने वाचला. 'राज्याच्या आणि गावाच्या निवडणुकीत आता सोळाव्या वर्षी मत. तरुणांपुढचा अडसर दूर!' माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी कुणाच्या वाटेत आलो होतो हो? कोपऱ्यात धूळ खात पडलेला मी, आणि माझ्याच नावाने बोंब!

गावाची निवडणूक तोंडावर होती. भांडण एकाच गोष्टीचं होतं: घरांना खेटून असलेली दगडाची खाण बंद करायची की नाही. बाईंच्या वर्गात एक सोळा वर्षांची मुलगी होती. बोलणं टोचायचं म्हणून सगळे तिला खडी म्हणायचे. तिची आई त्या खाणीची धूळ छातीत भरून गेली होती आणि बाप अजून तिथेच घण चालवत होता. एकदा शाळेच्या दारातच बापलेकीचं जुंपलं.

"ज्याचं मीठ खातो, त्याच्यावरच उलटायचं?"

"मीठ खाल्लं म्हणून धूळही खायची का, बाबा? आईने खाल्ली तेवढी पुरे झाली."

"खाण बंद पडली तर खाशील काय? मताचा कागद?"

"ते तुम्ही मोठ्यांनी आधी बघायला हवं होतं. नाही बघितलं. आता मी बघते."

त्याने तिच्या थोबाडीत दिली. ती रडली नाही, गाल धरून तशीच वर्गात गेली.

मतदान आमच्याच खोलीत होतं. पोरं सकाळपासून आली होती, पण शिकवण नडली. आजी आल्या, "या आजी, पुढे व्हा." काका आले, "जा काका, तुम्हाला कामं असतील." मोठी माणसं आशीर्वाद देऊन पुढे सरकत राहिली आणि पाच वाजले तेव्हा मागे उरली ती फक्त एकेचाळीस पोरं. नियम असा, की पाचला रांगेत असेल त्याचं मत घ्यायचंच. मागून कुणी घुसू नये म्हणून अधिकाऱ्याने रांगेच्या शेपटाकडून नंबराच्या चिठ्ठ्या वाटल्या. एक नंबरची चिठ्ठी खडीला मिळाली. म्हणजे ती सगळ्यांत शेवटी, अगदी दाराजवळ.

उरलेली सगळी पोरं खाणीविरुद्धच मत देणार, हे खाणमालकाला कळलं. त्याने कामगारांना सांगितलं, "पेटी फोडा, नाहीतर उद्यापासून चुली विझवा." पोटासाठी माणूस काय करेल सांगता येत नाही. ती सगळी घण, पहारी घेऊन निघाली.

पहिला दगड खिडकीतून आला तो थेट अधिकाऱ्याच्या कपाळावर. रक्त मतदारयादीवर ठिबकलं. पोरं किंचाळली. कुलूप बाहेर लटकत होतं, आत त्याचा काय उपयोग! शिपाईमामांनी मला कोपऱ्यातून उचललं आणि दाराला घातलं. इतक्या वर्षांनी माझी आठवण झाली, तीही अशी.

बाहेरून घाव सुरू झाले. एकेका घावाला माझी शीर न् शीर तडकत होती. मुलांनी दाराला खांदे लावले. अधिकाऱ्याने डोक्याला रुमाल बांधला आणि तो ओरडला, "मतदान थांबणार नाही! पुढचा या!" एकेक पोर खांदा काढायचं, मत द्यायचं आणि परत येऊन खांदा लावायचं. खडीने दोन्ही हातांनी मला दाबून धरलं होतं.

एवढ्यात दाराची फळी फुटली. घण आत आला आणि तिच्या डाव्या हातासकट मला चेचून गेला. हाडं मोडल्याचा आवाज मी ऐकलाय. देवा, नको तो आवाज. तिने घणाच्या दांड्यावरची चिंधी पाहिली. ती तिनेच गुंडाळली होती.

"बाबा!"

बाहेरचा घण थांबला. मग त्याचा आवाज आला, फाटलेला. "मागे व्हा! पोरगी आहे माझी आत! पुढे येईल त्याचं टाळकं फोडीन!"

ते पुढे आले. त्याने दोघांना आडवं केलं, मग बाकीच्यांनी त्याला. पहारींचे फटके त्याच्या पाठीवर पडत होते आणि तो दाराला चिकटून होता, हललाच नाही. पोलिसांची गाडी येईपर्यंत आत चाळीस मतं पडली होती.

खडी शेवटी गेली. शाई लावणारी बाई रडत म्हणाली, "बाळा, डाव्या हाताला लावायची असते गं." खडीने उजवा हात पुढे केला.

पोरांच्या मतांनी खाण बंद करू म्हणणारे निवडून आले आणि खाण बंद झाली. मग मालक कोर्टात गेला: लोक आत घुसले, पेटीला हात लागला, या खोलीतली मतं रद्द करा. मला टेबलावर ठेवलं होतं. खडीचा बाप कुबडीवर उभा राहिला. वकिलाने त्याला बजावलं होतं की तोंड उघडलंस तर तुरुंगात जाशील.

तो म्हणाला, "दार मीच फोडत होतो, साहेब. लेकीचा हात मी मोडला. पण आत कुणी गेलं नाही. मी जाऊ दिलं नाही."

मतं राहिली. त्याच्याच कबुलीवर त्याला तीन वर्षांची कैद झाली. नेताना तो तिच्याजवळ थांबला. "दुखतं का गं अजून?"

"दुखतं," ती म्हणाली. "रविवारी येते भेटायला."

आता निकाल लागलाय. कामाचे नसलेले पुरावे जाळतात म्हणे. जाळा, माझं काही गाऱ्हाणं नाही. पण त्याआधी त्या खोलीला दुसरा अडसर बसवून घ्या, चांगला जाड बघून. चार महिन्यांनी राज्याचं मतदान आहे आणि गावात घण अजून पुष्कळ आहेत.