नोरीनची देणगी

"टेश, टेश... हं, सापडलं." कर्टने चष्मा कपाळावरून नाकावर ओढला आणि फोन हातभर लांब धरला. "तुझं नाव नाहीये रे. पण नोरीन टेश आहे."

"दुसरी कोणी असेल," ड्वेन म्हणाला. तो कानशीने एका किल्लीचे दात घासत होता.

"अख्ख्या विद्यापीठात दुसरी नोरीन टेश कुठून आणू? हे बघ, हुद्दा पण दिलाय. कार्यालय सचिव, भूगर्भशास्त्र विभाग. दर महिन्याला वीस डॉलर, चौदा महिने. कुणाला दिलेत सांगू? प्रोफेसर ग्रेशमला."

कानस थांबली.

अमेरिकेतल्या त्या राज्यात निवडणुकीच्या देणग्या झाकून ठेवत नाहीत. कोणी दिली, कुठे नोकरी करतो, कोणाला दिली, सगळं सरकारदरबारी उघडं पडलेलं असतं. फक्त ते उकरायला वेळ कुणाला असतो? त्या शुक्रवारी सकाळी विद्यार्थ्यांच्या वर्तमानपत्राने ते उकरलं आणि कर्मचाऱ्यांची नावनिशीवार यादी इंटरनेटवर टाकली. देणगी देणाऱ्या शंभरातल्या चौऱ्याण्णवांनी डेमोक्रॅटांना पैसे दिले होते. यात नवल ते काय, विद्यापीठ म्हटलं की डेमोक्रॅटांचं, निळंच असायचं. खरी मजा वेगळीच होती. सकाळपासून जो तो शेजारच्याचं नाव शोधत बसला होता. तावातावाने भाषणं ठोकणाऱ्या कुणीतरी दमडीही दिलेली नाही, आणि सदा हसतमुख ग्रंथपालबाई गुपचूप रिपब्लिकनांच्या लाल पक्षाला पोसतायत, अशा बातम्या दहा वाजेपर्यंत तळघरातल्या ड्वेन-कर्टच्या किल्ल्यांच्या वर्कशॉपपर्यंत पोचल्या होत्या.

टेशांचं घर लाल. ड्वेनचा बाप गाईगुरांवर जगला, सासराही तसाच, आणि दोघं रिपब्लिकन. लग्नाला चौतीस वर्षं झाली. दर निवडणुकीला नवरा-बायको एकाच गाडीतून शाळेच्या व्यायामशाळेत मतं द्यायला जायचे. मतपत्रिकेवर आपण जे गोल काळे करतो तेच नोरीनही करते, हे त्याने गृहीतच धरलेलं. त्याने कधी विचारलं नाही, तिने कधी सांगितलं नाही.

पण खरं सांगायचं तर त्याला झोंबलं ते लाल-निळं नव्हे. राजधानीतल्या कुठल्या अनोळखी माणसाला तिने पैसे दिले असते तर त्याने आठ दिवस चिडवलं असतं आणि विसरून गेला असता. तिने दिले होते ग्रेशमला. उंच, पांढऱ्या केसांचा, घरातसुद्धा गळ्यात मफलर टाकणारा हा प्रोफेसर गेल्या महिन्यात डेमोक्रॅटांकडून विधानसभेला उभा राहून सपाटून आपटला होता. नोरीन त्याच्या विभागात एकोणीस वर्षं होती, आणि एकोणीस वर्षं ड्वेन रात्रीच्या जेवणाबरोबर 'ग्रेशम म्हणत होते' हे वाक्य गिळत आला होता. ग्रेशम म्हणत होते की कॉफीत दूध घालणं म्हणजे कॉफीचा अपमान. झालं, हिने दूध सोडलं. ग्रेशम म्हणत होते की नदीकाठचा कडा चाळीस कोटी वर्षांचा आहे. त्याच कड्याखाली ड्वेन लहानपणापासून मासे धरत होता, त्याचं कुणाला कौतुक नव्हतं.

"अरे वीसच तर डॉलर," त्याचा चेहरा पाहून कर्ट म्हणाला. "माझी बायको लॉटरीत याच्या दुप्पट घालवते."

"लॉटरी गळ्यात मफलर घालून फिरत नाही."

ड्वेनने भिंतीवरच्या फळ्यावरून कामाचा एक कागद उपटला. ग्रेशम महिनाअखेर निवृत्त होणार होता आणि त्याच्या खोलीचं कुलूप बदलायचं काम चार दिवस पडून होतं.

"तीनशे बारा मी करतो."

"कर. हातोडा मात्र इथेच ठेवून जा."

लिफ्टमध्ये त्याने वाक्य जुळवून ठेवलं. 'माझ्या बायकोच्या पैशांचं काय केलंत?' म्हणजे नुसत्या पैशांचं नव्हे, ते ग्रेशमला कळलंच असतं. नोरीनची त्या दिवशी रजा होती, तिची खुर्ची रिकामी. त्याला ते बरंच वाटलं.

ग्रेशम दगड वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यांत भरत होता. "या, या. कुलूप ना? करा तुमचं, माझी अडचण होत नाही ना?"

असा माणूस भांडायला फार वाईट. ड्वेन दारापाशी गुडघ्यांवर बसला आणि स्क्रू काढू लागला. तेवढ्यात त्याची नजर दाराआडच्या खोक्याकडे गेली. आत पाकिटं उभी लावलेली होती, आणि प्रत्येक पाकिटावर नोरीनचं ते गोल, डावीकडे कललेलं अक्षर.

"ही कसली पत्रं?"

"आभाराची. ज्यांनी ज्यांनी पैसे दिले त्यांना. आमच्या ऑफिसातल्या बाईंनी सगळे पत्ते घातले, सव्वादोनशे. इथे बसून प्रचाराचं काम करायला बंदी, सरकारी जागा ना. मग बिचाऱ्या जेवणाच्या सुट्टीत गाडीत बसून लिहायच्या. मी आत दोन ओळी लिहून पाठवणार होतो." ग्रेशम हसला. "मग हरलो. आता कशाला? जाताना तेवढी रद्दीत टाकाल का?"

ऑक्टोबरात दोनदा ड्वेनने तिला पार्किंगमध्ये गाडीत मान खाली घालून बसलेली पाहिलं होतं. डोळा लागला होता, असं ती म्हणाली होती.

पाकिटं आडनावांप्रमाणे लावलेली होती. त्याने चाळली. टॅनर, टेलर, आणि मग नोरीन टेश. खाली त्यांच्याच घराचा पत्ता. आपल्या आभाराच्या पत्रावर तिने आपणच पत्ता घातला होता, नीट, बाकीच्यांसारखाच, तिकीटसुद्धा सरळ चिकटवलेलं.

तो पाकीट घेऊन उभा राहिला. "हे एक तरी लिहा."

"कुठलं?" ग्रेशमने वाचलं. "नोरीन टेश. अरेच्चा, ही तर आमची नोरीन. हिनं पण पैसे दिले होते?"

म्हणजे या गृहस्थाला पत्ताच नव्हता. ज्याच्यावर सकाळपासून जळून कोळसा व्हायची वेळ आली, त्याला आपण काय मिळवलंय हेही ठाऊक नव्हतं. ड्वेनला इतका राग आला की हातातला स्क्रूड्रायव्हर त्याने खिशात घालून टाकला.

"चौदा महिने," तो म्हणाला. "दर महिन्याला वीस."

"कमाल आहे. तुम्ही ओळखता वाटतं तिला?"

ड्वेनच्या सदऱ्यावर फक्त 'ड्वेन' एवढंच शिवलेलं होतं.

"आमच्याच गल्लीत राहते."

ग्रेशम टेबलाशी बसला, पेन उघडलं. "काय लिहावं बरं? आपल्या उदार सहकार्याबद्दल..."

"ते नको. ते वीज कंपनी पण लिहिते."

"मग तुम्हीच सांगा."

ड्वेन दाराच्या भोकाकडे बघत राहिला. "लिहा की, हे सगळं तुमच्यामुळे चालतं हे मला पहिल्यापासून माहीत होतं. बोलून दाखवायचं राहिलं."

ग्रेशमने लिहिलं.

"आणि लिहा, तुम्ही सकाळी आत आलात की खोलीत बरं वाटतं. कोणी बोलायला आलं की तुम्ही हातातलं काम बाजूला ठेवता. असं करणारं दुसरं माणूस मी पाहिलं नाही."

ग्रेशमने चष्म्यावरून त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं. "छान सांगितलंत हो," तो म्हणाला आणि खाली झोकात सही केली.

पत्र ड्वेनने स्वतः पेटीत टाकलं. बाकीचं खोकं त्याने रद्दीतच टाकलं, दुसरं काय करणार.

सोमवारी तो घरी आला तेव्हा नोरीन अंगातला कोट न काढता स्वयंपाकघरात उभी होती.

"ड्वेन, बस. तुला एक सांगायचंय. मी ग्रेशमना निवडणुकीला पैसे दिले होते."

"माहितीये. अख्ख्या विद्यापीठाला माहितीये."

"रागावलास?"

"आपण लाल आहोत असं वाटायचं मला."

"तू आहेस," ती म्हणाली. "तुला वाटायचं ना, तुझेच गोल मी पण भरते?"

"नव्हतीस भरत?"

"एकदाही नाही."

ड्वेन बसला. चौतीस वर्षांचा हा हिशेब चुकला होता, पण त्यावर चरफडायला तिने वेळच दिला नाही. "हे ऐक," ती म्हणाली आणि पत्र वाचू लागली. तिचे गाल लाल झाले होते. असा चेहरा त्याने लग्नाआधी, तिच्या बापाच्या गोठ्यामागे पाहिला होता आणि त्यानंतर कधी पाहिला होता ते त्याला आठवेना.

त्याला प्रचंड हेवा वाटला. वाक्यं त्याची, आणि लाली मात्र त्या मफलरवाल्याच्या नावावर. 'अगं, हे मी सांगितलंय,' एवढंच म्हणायचं होतं. त्याने तोंड उघडलंही.

"एकोणीस वर्षं," ती म्हणाली. "मला वाटायचं त्यांना मी दिसतच नाही. खोलीत बरं वाटतं म्हणे, मी आले की. असं मला आयुष्यात कोणी म्हटलं नव्हतं, ड्वेन."

ड्वेनने तोंड मिटलं.

"नाही," तो म्हणाला. "कोणी म्हटलं नव्हतं."

मग तो उठला, तिच्या खांद्यांवरून कोट काढून घेतला आणि तिला म्हणाला, "पुन्हा वाच."