चौथा नियम

मी बोलतोय, पण मला शोधू नका. दुसरीच्या वर्गात फळ्याशेजारी ‘शिस्तीचे नियम’ असा गुळगुळीत छापील तक्ता दिसतो ना, त्याच्या पाठीशी मी आहे. मी एक तपकिरी पुठ्ठा. दिसत काही नाही मला. कान मात्र शाबूत आहेत, आणि कानावर येतं ते काही बरं नाही.

पंख्याच्या खोक्यातून माझा जन्म झाला. शाळेत नवे पंखे आले, खोकी अंगणात पडून होती. दुसरीच्या बाईंनी त्यातलं एक उलगडून वर्गात जमिनीवर पसरलं. भोवती एकतीस पोरं, गुडघ्यांवर.

“शाळेत नियम कोण करतं?” बाईंनी विचारलं.

“मोठे सर!”

“आणि मोठ्या सरांना नियम कोण घालतं?”

“त्यांची बायको!” पिपाणी ओरडली. या पोरीचा आवाजच असा, की शेजारच्या वर्गातही हशा पिकला.

“हसा, पण ऐका,” बाई म्हणाल्या. “देशाला घटना असते. राज्य चालवणाऱ्यांनी काय करायचं, काय नाही, ते तिच्यात लिहिलेलं असतं. आपला हक्क कुठला, तेही. आज आपण आपल्या वर्गाची घटना लिहू.”

दोन दिवस पोरं भांडली. मग माझ्या अंगावर पाच ओळी उमटल्या. नळावर रांग. बोलणाऱ्याला पुरतं बोलू द्यायचं. दुसऱ्याच्या डब्याला न विचारता हात नाही. चौथा नियम: शिक्षा करण्याआधी ‘काय झालं?’ असं विचारायचं. पाचवा: हे सगळं बाईंनाही लागू. खाली निळ्या शाईत एकतीस अंगठे, आणि बत्तिसावा बाईंचा.

एकदा खिडकीची काच फुटली. पिपाणी जवळ होती, म्हणून बाईंनी तिला तडक वर्गाबाहेर काढलं. बाकीच्या तीस पोरांनी एकदम भिंतीवर टांगलेल्या माझ्याकडे बोट केलं. बाईंचा चेहरा उतरला.

“काय झालं गं, पिपाणे?”

“वाऱ्यानं खिडकी आपटली, बाई. कुणाच्या पायात जाईल म्हणून मी काचा उचलत होते.”

माणसं चूक कबूल करतात तेव्हा ओठातल्या ओठात करतात. बाई मात्र सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, “चुकलं माझं.”

माझी छाती फुगली. तिथंच घात झाला. पोरांना वाटलं, मी सगळीकडे चालतो.

पिपाणीचा बाप छापखान्यात कामाला. एका सकाळी तो दाढी करत होता, अर्धा गाल साबणाचा. सरकारी गाडीतून दोन माणसं आली आणि त्याला तसाच घेऊन निघाली. पिपाणी दारात आडवी उभी राहिली. “आधी त्यांना विचारलं का, काय झालं ते? चौथा नियम आहे!”

त्यातला एक खाली बसला. तिच्या गालाला हात लावून म्हणाला, “शहाणी आहेस गं. कुठल्या शाळेत जातेस, बाळ?”

तिनं शाळा सांगितली. वर्ग सांगितला. बाईसुद्धा सांगितल्या. विचारलं की खरं सांगायचं, हे आम्हीच शिकवलं होतं ना! दुसऱ्या दिवशी माझ्याखाली उभं राहून तिनं हे सगळं सांगितलं, तेव्हा बाईंच्या हातातला खडू मोडला.

तिसऱ्या दिवशी ती माणसं शाळेत आली.

“हे तुम्ही शिकवता?”

“पुस्तकात आहे. नागरिकांचे हक्क, धडा सहावा.”

“पुस्तकात असू दे की. भिंतीवर कशाला?”

मग त्यांच्यातल्या एकानं माझ्या अंगावरून सावकाश बोट फिरवलं. “त्या पोरीचा अंगठा यातला कुठला?”

“मला सगळे सारखेच दिसतात,” बाई म्हणाल्या. एकेक अंगठा त्यांनी हातात धरून टेकवला होता.

त्यानं मोबाईलवर माझा फोटो काढला. जवळून, दोनदा. “चला, बाई. जरा आमच्याबरोबर या.” कशासाठी, ते कुणी बोललं नाही. बाईंचा डबा टेबलावर तसाच राहिला.

ते गेले, तसे मोठे सर छापील तक्ता घेऊन आले. “मावशी, हा लावा आणि तो जाळून टाका. आत्ताच. आणि मला काही सांगू नका.”

मावशी शाळा झाडते. शिक्षण चौथीपर्यंत. पोरं घरी गेल्यावर तिनं मला उतरवलं आणि बोट ठेवून वाचू लागली. चौथ्या ओळीवर थांबली. आधी ती एका दवाखान्यात कामाला होती. डॉक्टरांचं घड्याळ हरवलं, हिला काढून टाकलं. आठवड्यानं घड्याळ त्यांच्याच कोटाच्या खिशात सापडलं.

“मला कुत्र्यानंसुद्धा विचारलं नाही रे,” ती मला म्हणाली. “आणि हे जाळायला निघाले! यांच्या बापाचं राज्य लागून गेलंय!”

तिनं शाळेमागे दुसरं खोकं पेटवलं, सरांना धूर दिसला. मग शाईत अंगठा बुडवून माझ्यावर टेकवला. तेहतिसावा. खळ शिजवली, छापील तक्ता माझ्यावर डकवला, आणि मला भिंतीवर परत टांगलं.

कडेची तपकिरी रेघ पिपाणीनं पहिल्याच सकाळी हेरली. आता प्रत्येक पोर वर्गात येताना माझ्या खालच्या कोपऱ्यावर अंगठा दाबून जातं. कुणी सांगितलेलं नाही. नव्या बाई ओरडतात, “घाण करू नका रे, कोपरा काळा पडलाय!” पण पोरं ऐकत नाहीत. खळ सुटतेय. पोरांचं प्रेमच मला उघडं पाडणार, अशी भीती वाटते.

आज अठरा दिवस झाले. बाई आल्या नाहीत. पिपाणीचा बापही नाही. ती आता हळू बोलते. तो आवाज ऐकवत नाही.

मघाशी फाटकाशी गाडी थांबली. व्हरांड्यात बूट वाजले. मावशीचा झाडू थांबला. वर्ग एकदम चिडीचूप. आणि आता माझ्या सुटलेल्या कोपऱ्याखाली कुणाचं तरी नख शिरतंय.

नख लहान असेल, तर पोरी, हात मागे घे आणि जागेवर जाऊन बस. मोठं असेल, तर साहेब, कागद फाडा. तेहतीस अंगठे आहेत, मोजून घ्या. पण कुणालाही हात लावण्याआधी चौथी ओळ वाचा.